मिटिंगच्या आदल्या दिवशी अहमदाबाद: महापालिकेचा हेरिटेज वॉक कसा आहे?

सोमवारी सकाळी अहमदाबादेत मिटिंग आणि रविवार मोकळा, अशी वेळ येणाऱ्या मंडळींसाठी हे लिहितोय. एवढ्या एका दिवसात पैसे आणि वेळ सार्थकी लावणारी गोष्ट म्हणजे महापालिकेचा हेरिटेज वॉक. १९ नोव्हेंबर १९९७ला तो सुरू झाला आणि अजून चालू आहे. सरकारी उपक्रम म्हणून नाक मुरडू नका. खासगी टूरवाल्यांपेक्षा याची आखणी सरस आहे.

वॉक कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरातून सकाळी आठला निघतो. पावणेआठला पोचा, कारण नावनोंदणीनंतर आधी एक छोटा स्लाइड शो असतो. तो बुडाला तर पुढे गाईड ज्या खुणा दाखवतो त्या अर्ध्या डोक्यावरून जातात. अंतर जेमतेम दोन किलोमीटर, वेळ दोन ते अडीच तास. रात्रीच्या गाडीने येणाऱ्याला हे सोयीचं पडतं, कारण कालुपूर (म्हणजे अहमदाबादचं मुख्य) स्टेशनापासून मंदिर चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे. बॅग मात्र सोबत घेऊन चालू नका, गल्ल्या अरुंद आहेत. स्टेशनच्या क्लोकरूममध्ये कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत आणि तिकीटही दाखवावं लागतं. दुसरी खबरदारी म्हणजे तिकिटावरचं स्टेशनचं नाव नीट वाचा. साबरमती, असारवा आणि मणिनगर ही वेगवेगळी स्टेशनं आहेत. तिथे उतरलात तर पावणेआठचं गणित चुकलंच.

मंदिर १८२२चं, स्वामिनारायण संप्रदायाचं पहिलं. तिथून वाट पोळांमध्ये शिरते. (पोळ म्हटलं की मराठी माणसाला पुरण आठवणार, त्याला इलाज नाही.) पोळ म्हणजे एकाच दरवाजाच्या आत वसलेली आळी. रात्री तो दरवाजा बंद व्हायचा आणि वरच्या खोलीत पहारेकरी असायचा. कवी दलपतराम यांचा ओट्यावर बसलेला पुतळा, हाजा पटेलच्या पोळीतलं काळा रामजी मंदिर (आपल्या नाशिकचा काळाराम उभा, हा राम बसलेला), लाकडी कोरीवकामाच्या हवेल्या, पक्ष्यांना दाणा घालायचे खांबावरचे चबुतरे असं करत जवेरीवाडातून माणेकचौकाकडे जायचं आणि शेवट १४२४च्या जामा मशिदीत. थांबे वीसेकच्या घरात असल्यामुळे एकेका जागी पाच मिनिटंच मिळतात.

या वॉकचं खरं मोल दोन गोष्टींत आहे, आणि त्या एकट्याने फिरून सापडत नाहीत. पहिली म्हणजे गुप्त वाटा. एखाद्या घराचा असावा असा साधा दरवाजा ढकलायचा, चार पावलं अंधारातून जायचं आणि बाहेर पडायचं ते थेट दुसऱ्या पोळीत. दुसरी म्हणजे टांकं. चौकाच्या फरशीवर एक लहानसं झाकण दिसतं, त्यावरून लोक सहज चालत जातात. त्याच्याखाली पावसाचं पाणी साठवायची खोली असते. छपरावरचं पाणी नळीने थेट खाली उतरतं आणि अंधार, गारवा राहिल्यामुळे वर्षभर पिण्याजोगं राहतं. गाईडने हे झाकण दाखवलं नाही तर विचारा. गर्दीच्या दिवशी घाईत राहून जातं.

आता खटकणाऱ्या गोष्टी. सुट्टीच्या दिवशी घोळका मोठा असतो आणि स्कूटरच्या हॉर्नमध्ये मागच्या रांगेला काही ऐकू येत नाही. गाईडच्या डाव्या-उजव्या हाताला राहायचं, फोटो नंतर. हवेल्या बहुतेक बाहेरूनच बघायच्या, कारण आत लोक राहतात. मंदिरात, देरासरात (जैन मंदिरात), मशिदीत चपला काढाव्या लागतात, म्हणजे लेसचे बूट घातलेला माणूस कायम मागे. पाय भाजू नयेत म्हणून मोजे ठेवा, जामा मशिदीचं दगडी आवार एप्रिल-मेमध्ये दहा वाजताच तापलेलं असतं. वाटेत स्वच्छतागृहाची खात्री नाही, तेव्हा ते मंदिरातच उरकावं. शेवट तर घाईघाईत होतो. बादशाहनो हजीरो आणि राणीनो हजीरो या शेजारच्या कबरी नंतर सावकाश बघाव्यात.

माझी मुख्य तक्रार निराळीच आहे. मराठी माणसाने जे बघायलाच हवं ते वॉक संपल्यानंतर चालत पाच मिनिटांवर आहे. जामा मशिदीतून पश्चिमेला निघालं की तीन दरवाजा लागतो. त्याच्यावर १८१२चा देवनागरीतला शिलालेख आहे. मराठ्यांचा इथला सुभेदार चिमणाजी रघुनाथ याने मुलीलाही वडिलांच्या मालमत्तेत हिस्सा द्यावा असा हुकूम काढला, तो हा. मोडणारा हिंदू असेल तर महादेवाला आणि मुसलमान असेल तर अल्ला-रसूलला जाब देईल, असं त्यात बजावलंय. खाली कपड्यांच्या आणि चपलांच्या हातगाड्या लागलेल्या असतात, त्यामुळे मान वर करून शोधावा लागतो. पुढे भद्रचा किल्ला आणि त्यातलं मराठा अमलातलं भद्रकाली मंदिर. लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळणकर वकिली करत ते याच शहरात.

तिथून लाल दरवाजाकडे आलात की 'लकी'मध्ये चहा आणि मस्का बन. टेबलांच्या मधोमध कबरी आहेत, दचकू नका. शेजारीच सिदी सय्यदची मशीद. १५७३ची, दगडात कोरलेली ती प्रसिद्ध झाडाची जाळी पश्चिमेच्या भिंतीत आहे, त्यामुळे ऊन आरपार येताना बघायचं तर दुपारनंतर. सकाळी ती फोटोत काळवंडते.

जेवणासाठी समोरच्याच 'हाऊस ऑफ एमजी'च्या गच्चीवरचं 'अगाशिये'. महाग आहे, पण थाळी हा एकट्या माणसासाठी उत्तम प्रकार: एका माणसाला काय काय मागवायचं हा प्रश्नच नाही. रविवारी टेबल आधी सांगून ठेवा. थाळी पूर्ण संपवायच्या फंदात पडलात तर दुपार गेली.

दुपारी रविवार असेल तरच एलिस पुलाखालचा गुजरी हा जुन्या वस्तूंचा बाजार. नसेल तर थेट साबरमती आश्रम. साडेसहाला बंद होतो, म्हणून चारच्या आत पोचा आणि हृदयकुंज या गांधीजींच्या घराबरोबर वास्तुविशारद चार्ल्स कोरियांचं १९६३चं संग्रहालय नीट बघा. कॅलिको हे कापडांचं म्युझियम मात्र याच दिवशी कोंबू नका. त्याला आधी बुकिंग लागतं, फेरी सकाळी साडेदहाची आणि जागा शाहीबागेत, म्हणजे वॉक संपता संपता ती सुटलेली असते. बुधवारी ते बंद.

रात्रीचा माणेकचौक ऐकून असालच. सकाळी भाजी-चारा, दिवसा सराफा, रात्री खाऊगल्ली. एकट्याने गेलात तर पावभाजीऐवजी घुघरा सँडविच आणि कुल्फी एवढंच घ्या, बाकी प्लेटी दोघांच्या पोटाच्या आहेत. चॉकलेट सँडविच हा निव्वळ फोटोचा पदार्थ.

मुक्काम कुठे, हे मिटिंगवर ठरवा. एस.जी. हायवेवर ऑफिस असेल तर घीकांटाहून थलतेजच्या दिशेची मेट्रो. गांधीनगरजवळची गिफ्ट सिटी असेल तर जुने हायकोर्ट स्टेशनला गाडी बदलायची, पुढे जीएनएलयू स्टेशनला पुन्हा. गिफ्ट सिटीच्या त्या फाट्यावर गाड्या कमी आहेत, तेव्हा तिकडे राहणाऱ्यांनी माणेकचौक सोडून संध्याकाळीच निघावं.