अपटाइम कुमा: छोट्या टीमला पुरेसं, पण ठेवायचं कुठे ते आधी ठरवा

महापे, ऐरोली किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या पाच-सात जणांच्या टीमला आपली साइट बंद पडल्याची खबर बहुतेकदा ग्राहकाच्या फोनवरूनच लागते. अपटाइम कुमा यावर चांगला उपाय आहे. साइट चालू आहे ना हे ठरावीक वेळाने तपासणारं, 2021 मध्ये आलेलं हे ओपन सोर्स टूल फुकट आहे आणि तपासणी, अलर्ट, ग्राहकांना सेवांची स्थिती दाखवणारं स्टेटस पेज हे सगळं त्यात एकत्र मिळतं. डॉकरवर (सॉफ्टवेअर तयार डब्यासारखं चालवायची सोय) पंधरा मिनिटांत चालू होतं आणि ब्राउझरमध्ये पोर्ट 3001 वर उघडतं.

मात्र ज्या सर्व्हरवर नजर ठेवायची, त्याच सर्व्हरवर ते कधीही टाकू नका. ऑफिसातल्या मशीनवरही नको. वीज गेली की कुमाच बंद पडतं, आणि रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली, की साइट धडधाकट असूनही सगळे मॉनिटर (एकेका सेवेवरच्या तपासण्या) लाल होतात आणि कुमाचा टेलिग्रामवरचा अलर्ट मात्र बाहेरच पडत नाही. सेवा मुंबईच्या क्लाउडवर असेल तर कुमा दुसऱ्या कंपनीच्या, दुसऱ्या शहरातल्या छोट्या व्हीपीएसवर, म्हणजे भाड्याच्या आभासी सर्व्हरवर ठेवा. 1 जीबी रॅम पुरते. डेटा फोल्डर लोकल डिस्कवरच हवा. एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्कवर, फाइल लॉकिंगचा भरवसा नसतो, त्यामुळे कुमाची माहिती ठेवणारा एसक्यूलाइटचा डेटाबेस खराब होऊ शकतो. कुमाच्या पुढे एनजिनेक्स (येणाऱ्या विनंत्या आत पोचवणारा वेब सर्व्हर) लावताना अपग्रेड आणि कनेक्शन ही दोन हेडर राहिली, तर पान उघडतं पण वेबसॉकेट, म्हणजे पान आणि कुमामधलं सतत चालू राहणारं कनेक्शन, जुळत नाही, आणि लॉगिनपाशीच गाडी अडते.

खरी मेहनत मॉनिटरच्या सेटिंगमध्ये आहे. नुसता एचटीटीपी मॉनिटर साइटकडून 200, म्हणजे ‘ठीक’ असा कोड आला की खूश असतो. मुखपृष्ठ कॅशमधून, म्हणजे आधी साठवलेल्या प्रतीतून येत असेल, तर डेटाबेस झोपला तरी हिरवंच दिसणार. डेटाबेसला एक छोटी क्वेरी करून ठरावीक शब्द परत देणारा हेल्थचा पत्ता बनवा आणि त्यावर तो शब्द शोधणारा कीवर्ड मॉनिटर लावा.

इंटरव्हल (दोन तपासण्यांमधलं अंतर) 60 सेकंद, रिट्राय (अलर्टआधीचे फेरप्रयत्न) 3, रिट्रायचं अंतर 20 सेकंद ही मांडणी चांगली चालते. एखाद-दुसऱ्या अडखळण्यावर रात्री कोणाची झोप मोडत नाही. टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट पाहायची मर्यादा, मात्र बघा. 60 सेकंदांच्या इंटरव्हलला तो आपोआप 48 सेकंद होतो. सर्व्हर नकार न देता नुसताच लटकला, तर प्रत्येक फेरी तेवढा वेळ थांबते आणि अलर्ट यायला चार-पाच मिनिटं लागतात. 10 सेकंद केलात की अडीच मिनिटांच्या आसपास येतो.

बॅकअपसाठी पुश मॉनिटर आहे, आणि कुमातली ही सर्वांत दुर्लक्षित सोय. काम नीट पार पडलं की स्क्रिप्टने एका पत्त्याला हाक द्यायची. हाक आली नाही की अलर्ट. रोजच्या बॅकअपला 90000 सेकंद, म्हणजे 25 तास ठेवा. डंप (डेटाबेसची काढलेली प्रत) थेट जीझिप या फाइल लहान करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पाइप केला असेल तर स्क्रिप्टमध्ये पाइपफेल (साखळीतलं एक काम फसलं तरी सगळं फसलं असं धरणारी सेटिंग) चालू करा. नाहीतर डंप फसला तरी जीझिप यशस्वी होतं, हाक जाते आणि रिकाम्या फाइलवर हिरवा ठिपका दिसतो.

स्टेटस पेज देखणं आहे, स्वतःचं डोमेनही जोडता येतं. पण मॉनिटरचं नाव तिथे जसंच्या तसं झळकतं, तेव्हा सर्व्हरचे क्रमांक नकोत. ‘बुकिंग’, ‘पेमेंट’, ‘ओटीपी’ अशी ग्राहकाला कळणारी नावं द्या. बिघाडाची सूचना हाताने लिहावी लागते. ती अशी असावी: ‘सकाळी 10:42 पासून पेमेंट अडकत आहे. बुकिंग चालू आहे. पैसे कापले गेले असतील तर पुन्हा भरू नका. पुढची माहिती 11:15 ला.’ ‘तांत्रिक अडचण’ एवढंच लिहिलंत तर फोन थांबणार नाहीत. आणि दिलेली वेळ पाळा, सांगण्यासारखं नवं काही नसलं तरी.

मेंटेनन्सची वेळ टाकताना टाइमझोन कोलकाता आहे ना, ते तपासा. पहाटे 2 ते 4 ही सगळीकडची सोयीची वेळ वाशीच्या भाजी मार्केटशी जोडलेल्या सेवेला चालणार नाही. मालाच्या गाड्या तेव्हाच लागतात.

उणिवा दोन. लॉगिन एकच, त्यामुळे कोणी काय बदललं ते कळत नाही. आणि तपासणी एकाच ठिकाणाहून होते. एखाद्याच इंटरनेट कंपनीच्या ग्राहकांना साइट दिसत नसेल, तर कुमाला पत्ता लागत नाही. खुद्द कुमावर नजर ठेवायला बाहेरच्या एखाद्या फुकट सेवेचा मॉनिटर लावाच. रात्री फोन खणखणायला हवा असेल तर टेलिग्रामवर विसंबू नका, अलर्ट आल्यावर थेट फोन करणारी पेजरड्यूटीसारखी सेवा जोडा.