काळा ग्रॅनाइट घेताय? आधी कापूस घासून बघा

आमचं घर सांगलीत, विश्रामबागला. दिवाळीआधी जुना कडप्प्याचा ओटा काढून काळा ग्रॅनाइट बसवला. दुकानदार म्हणाला, ताई एकदम जेट ब्लॅक माल आहे, वीस वर्षं बघायला नको. 18 एमएमचा रेट लावला, अर्धे पैसे रोख घेतले, अर्धे फोनवरून, आणि हातात दिला एस्टिमेटचा कागद, त्यावर ना जीएसटी नंबर ना मालाचं नाव. पक्कं बिल मागायला हवं होतं, नाही मागितलं.

पंधरा दिवस झाले नसतील, सासूबाईंनी पोह्यांवर लिंबू पिळून फोड ओट्यावर तशीच ठेवली, रात्री उचलली तर खाली पांढुरका गोल! घासला, तेल लावलं, जाईना. ओलं फडकं फिरवलं की ते पण काळपट व्हायचं. दुकानात फोन केला तर म्हणे तुम्हीच अ‍ॅसिड टाकलं असणार. अहो, लिंबानं डाग पडतो तो संगमरवराला, चांगल्या ग्रॅनाइटला असं होत नाही.

शेवटी माहेरच्या ओळखीतले एक फरशीचे मिस्त्री आले. सिंकसाठी कापलेला तुकडा आम्ही गॅलरीत कुंडीखाली ठेवला होता, तो त्यांनी धुऊन उन्हात धरला. वरून काळाकुळकुळीत आणि कापलेली कड चक्क राखाडी. मग अ‍ॅसिटोनवाला नेलपॉलिश रिमूव्हर कापसावर घेऊन घासलं, कापूस काळा झाला आणि दगडावर करडा पट्टा उमटला. करड्या दगडाला रंग चोपडून काळ्याच्या भावात विकला होता हो! पट्टी लावली तर जाडी पण 15 एमएमच. माझ्या तर डोळ्यात पाणी आलं, भिशीचे पैसे होते ते.

म्हणून सांगते, स्लॅब कापायच्या आधी दुकानातच कापूस घासून बघा, जाडी स्वतः मोजा, ती बिलावर लिहून घ्या, आणि सिंकचा तुकडा काही झालं तरी कामगारांना नेऊ देऊ नका.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, फोनवरून दिलेल्या पैशांचा पुरावा तिथं कामी आला. आता दुकानदार म्हणतो दुसरी स्लॅब देतो पण काढायची-बसवायची मजुरी तुमची. मी नाही म्हटलंय. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी नाही आणि 2 वर्षांची मुदत असते, अर्ज लिहून झालाय, सोमवारी देणार आहे, आणि तो तुकडा कापसासकट पिशवीत बांधून ठेवलाय.