लिफाफा मागणाऱ्या वकीलबाई

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला गाळा अण्णांनी 2017 साली घेतला. थोडे पैसे चेकने, बाकी बँकेचं कर्ज. त्यात टॉवेलचे चार माग टाकले. विकणाऱ्यावर पुढे मनी लाँडरिंगचा, म्हणजे गुन्ह्यातला पैसा वैध दाखवल्याचा, गुन्हा दाखल झाला आणि गुन्ह्याच्या पैशातली मालमत्ता म्हणून आमच्या गाळ्यावर टाच आली. ती कायम केल्याचा आदेश पोस्टाने आला त्या रात्री अण्णा जेवले नाहीत.

आधी एका सल्लागाराकडे गेलो. खटल्याचा निकाल लागू द्या, मग बघू, म्हणाले. त्यांच्या भरवशावर 31 दिवस गेले, याचा राग अजून आहे.

मग या वकीलबाईंकडे आलो. त्यांचा पहिलाच प्रश्न, "आदेश हातात कधी पडला? लिफाफा आहे का?" आईने तो देवघराच्या फळीवर जपून ठेवला होता. प्रत मिळाल्यापासून 45 दिवसांत दिल्लीच्या अपील न्यायाधिकरणाकडे जावं लागतं. उशीर माफ होतो, पण सबळ कारण लागतं. बाईंनी 41व्या दिवशी अपील दाखल केलं. खरेदीखत, पासबुक, कर्जमंजुरीचं पत्र, वीजबिलं, सगळं स्वतः तारीखवार लावलं. वाजवी किंमत देऊन, विकणाऱ्याची भानगड ठाऊक नसताना घेतलं, हे प्रत्येक कागदातून दिसलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट.

मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते वेगळंच. एका कोऱ्या कागदावर त्यांनी अण्णांना तीन शब्द लिहून दिले : टाच, कायम, सरकारजमा. तात्पुरती टाच 180 दिवसांची. ती कायम झाली की ताबा जाऊ शकतो. सरकारजमा मात्र साधारणपणे विशेष न्यायालयात गुन्हा शाबीत झाल्यावरच. अण्णा 'जप्ती' या एका शब्दानेच खचले होते. तो कागद घेऊन घरी आले आणि भाकरी मागितली.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गुडघेदुखीवाल्यांनी आधी फोन करावा, बाई खाली येतात. दिल्लीच्या फेऱ्यांचा खर्च वेगळा, पण तो आधीच लिहून देतात आणि पावतीही मिळते. "जिंकूनच देते" असं एकदाही म्हणाल्या नाहीत.

सध्या ताबा घेण्याला तूर्त मनाई मिळाली आहे, माग चालू आहेत. निकाल विरुद्ध गेला तर 60 दिवसांत उच्च न्यायालय. 18 ऑगस्ट 2025 पासून आपल्या जिल्ह्यासाठी त्याचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापुरात आहे, हेही त्याच कागदाच्या पाठीमागे लिहिलंय.