वाटणीत खाजन मागावं की खेर?

आमची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतली कोर्टातली वाटणी, झाली तेव्हा वाटेकरी तीन होते: आम्ही दोघे भाऊ आणि बहीण. गोव्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही, त्यामुळे तिघांचा हक्क सारखा. जमिनीचे तुकडेही नेमके तीन: चापोरा नदीकाठचं खाजन (बांध घालून खाऱ्या पाण्यातून काढलेलं भातशेत), समुद्राकडची वाळूची खेर आणि वरची भरड. मी मोठा म्हणून आधी मला विचारलं. पेडणे तालुक्यात अशीच वाटणी समोर असलेल्या दोघातिघांनी हल्ली सल्ला मागितला, म्हणून हे लिहितोय. तुमची जमीन वेगळी असेल, तेव्हा माझ्या अनुभवाला त्या बेतानंच धरा.

भरडीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. जांभा दगड, वर काजू. मार्च ते मे राबायचं, बी व्यापाऱ्याला आणि बोंडू भट्टीला. पणजीत नोकरी असलेल्याला हीच सोयीची. वणवा आणि माकडं सांभाळली की वर्षाचं काहीतरी हाती येतं. बहिणीनं ती आपणहून मागून घेतली आणि ती समाधानी आहे.

खरा पेच खाजन की खेर हाच.

खाजनावर माझा जीव होता आणि अजूनही आहे. गोव्यात अशी सुमारे १८ हजार हेक्टर जमीन माणसांनी खारट पाण्यातून वर काढली आहे. बांधाला बसवलेलं मानस, म्हणजे पाण्याचं दार, पाहिलंत तर थक्क व्हाल: भरती आली की पाण्याच्या दाबानंच फळ्या मिटतात, ओहोटी लागली की आतलं पाणी त्या ढकलून नदीत जातं. पावसाच्या पहिल्या सरींनी मीठ धुऊन निघालं की मोड आणलेलं कोरगुट, म्हणजे खारं सोसणारं भात, शेतात टाकायचं. खत विकत आणावं लागत नाही, गाळच पुरतो. कोरगुट उंच वाढतं, जोराच्या पावसात आडवं होतं आणि उतारा कमीच देतं. पण त्याच्या उकड्या तांदळाच्या पेजेसारखी मला दुसऱ्या कुठल्याच भाताची पेज लागत नाही. जुने गोवे इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेनं कोरगुटातूनच निवडून काढलेले ‘गोवा धान’ वाण आता आहेत, तेही बघावेत.

मग खाजन का सोडलं? मानसाच्या दारापायी.

मानसावरच्या मासळीची दरवर्षी पावणी, म्हणजे लिलाव, होतो. सुंगटं, चोणक, काळुंद्र यांना चांगला भाव आहे, त्यामुळे बोलीही चढी लागते. त्या पैशातूनच बांधाची डागडुजी होते. पूर्वी हे सगळं गावकरी, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था, बघायची, १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ते कुळांच्या संघटनांकडे आलं. अडचण अशी की जो पैसा भरतो, दारही त्याच्याच हातात जातं. शेतकऱ्याला खारं पाणी बाहेर हवं असतं आणि मासळीवाल्याला आत, कारण भरतीबरोबर मासळी येते.

वाटणीच्या आदल्या वर्षी ऑक्टोबरात भात दुधात होतं. पाऊस थांबला होता आणि नदी पुन्हा खारी होत चालली होती. एका पहाटे बांधावर गेलो तर मानसाच्या फळीखाली बांबूचा हातभर तुकडा खोचलेला. रात्रभर भरतीचं पाणी आत आलं होतं. ओंजळीत घेऊन जिभेला लावलं, चक्क समुद्र. तो तुकडा मी उपटून काढला, फळी आपटून मिटली, पण उशीर झाला होता. आठ दिवसांत पातीची टोकं पांढरी पडली आणि कणसं पोचट राहिली. पावणी घेतलेल्याशी बोललो, संघटनेतही तक्रार केली. सगळ्यांनी ऐकून घेतलं. पुढच्या अमावास्येला फळीखाली पुन्हा बांबू होता. दुष्काळ किंवा कीड आली असती तर सोसली असती. माझ्या शेतातलं पाणी रात्री दुसरा कोणी ठरवणार, हे मात्र मला सोसेना. सगळीकडे असंच असेल असं नाही. ज्या गावात दारावर शेतकऱ्यांचा माणूस बसतो, तिथे खाजनासारखी जमीन नाही असंही मी ऐकून आहे.

खेर वाळूमिश्रित. पावसात ज्योती किंवा जया लावायची आणि भात कापलं की तीच जमीन पुन्हा मोकळी. अळसांदे (चवळी) नुसत्या ओलीवर येतात. हरमलच्या मिरचीचं नाव मानांकनामुळे आता सगळीकडे झालंय, ती असल्याच जमिनीत होते. एप्रिलात वाळवलेली मिरची म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नेली की पावसाळ्याच्या बेगमीला येणारी गिऱ्हाइकं हातोहात उचलतात. एका तुकड्यातून दोन पिकं, आणि दोन्हींचं पाणी माझ्या हातात.

कष्ट मात्र जास्त. वाळूत ओल टिकत नाही, मिरचीला रोज शिंपावं लागतं आणि रोपांवर मोर उतरतात. शेजारी हॉटेल झालं आणि त्यानं पंप लावला तर मे महिन्यात विहीर मचूळ होते. आमच्या विहिरीचं पाणी अजून गोडं आहे, पण मी दरवर्षी धास्तावलेला असतो.

पुढे विकून मोकळं होऊ, असा विचार मनात असेल तर तो काढून टाका. २०२३ च्या कायद्यानं भातशेती शेतकरी नसलेल्याला देता येत नाही, मग ती खेर असो वा खाजन.

खाजन धाकट्यानं घेतलं. तो गावातच राहतो आणि रात्री दारावर जाऊन बसतो, म्हणून त्याला ते जमतं. दरवर्षी एक पोतं कोरगुट तो मला पाठवतो, मी त्याला मिरची देतो.

सही करण्याआधी दोन फेऱ्या मारा. खाजनाकडे ऑक्टोबरच्या अमावास्येला, रात्री, भरती चढत असताना जा आणि फळीखाली बॅटरी मारून बघा. खेरीकडे मेच्या शेवटी जा आणि विहिरीतून घागरभर पाणी काढून पिऊन बघा.