हॉल न घेता लेकराचा वाढदिवस: घर, शाळा, सहल की आजोळ?

थोरल्याच्या पाचव्या वाढदिवसाला आम्ही हॉल घेतला होता. पन्नास-साठ माणसं, फुगे, स्पीकर. पाहुणे जमून केक कापेपर्यंत साडेनऊ झाले आणि पोरगं माझ्या खांद्यावर गाढ झोपलं. त्याच्या मुठीत सुरी धरून मीच ती फिरवली. फोटोत सगळे हसताहेत आणि त्याचे डोळे मिटलेले आहेत. तो फोटो बघितला की मला आजही वाईट वाटतं. त्यानंतरची पाच वर्षं दोन्ही मुलांचे वाढदिवस पार्टीशिवायच झाले. तुम्हीही यंदा हॉल घ्यावा की नको या विचारात असाल, तर आमचा अनुभव उपयोगी पडेल.

सगळ्यात सोपं म्हणजे घरचं औक्षण. आमच्या सासूबाई वाढदिवस तिथीने धरतात. तिथी तारखेच्या आठ-पंधरा दिवस मागेपुढे येते आणि मला ते सोयीचंच वाटतं. तिथीला सकाळी शाळेआधी पाट, रांगोळी, निरांजन, सुपारी-अंगठी एवढंच करायचं. बाहेर जायचं असेल तर ते तारखेजवळच्या रविवारी. दोन्ही गोष्टी एकाच दिवसात कोंबल्या की आईची दमछाक होते आणि चिडचीड मुलावर निघते.

गोडाला आमच्या बेळगावचा कुंदा, म्हणजे आटवलेल्या दुधाची मिठाई, आहेच. पण एकदा मांडे, म्हणजे पातळ कुरकुरीत गोड पोळ्या, सांगून बघा, मात्र दोन दिवस आधी सांगावं लागतं. केक एकजण कापतो आणि बाकीचे बघत बसतात. मांडा ताटात आला की सगळ्यांचे हात एकदम पडतात. धाकटी तो वाटीत चुरते, वरून गरम दूध घालते आणि कान वाटीजवळ नेऊन चुरचुर ऐकते. वडगावात आमच्या शेजारी कन्नड अज्जी राहतात. त्या येऊन ‘हुट्टुहब्बद शुभाशयगळु’ (वाढदिवसाच्या शुभेच्छा) म्हणतात, डोक्यावर हात ठेवतात, आणि पाया पडून झालं की शाळेची रिक्षा दारात हजर.

सहा वर्षांपर्यंत एवढं पुरतं. पुढे मुलाला मित्र हवे असतात आणि ते डावलून चालत नाही. ‘माझ्या वाढदिवसाला कोणीच आलं नाही’ हे थोरल्याने सातव्या वर्षी म्हटलं, तेव्हा आमचं चुकलंच होतं. तेव्हापासून दोन मित्र जेवायला असतात. दोनच, पण त्याने निवडलेले.

शाळेत वर्गभर चॉकलेट वाटण्यापेक्षा पेन्सिली द्या, हे थोडक्यात. सरकारी शाळा असेल तर दुपारच्या जेवणासोबत एखादा गोड पदार्थ देता येईल का, हे मुख्याध्यापकांना विचारा. मध्यान्ह भोजनाच्या केंद्रीय योजनेत अशा जेवणाला ‘तिथी भोजन’ असं नावच आहे. आपलं मूल त्याच पंगतीत बसून जेवतं, हे मला फार आवडतं. अनाथाश्रमात नेऊन केक कापणं मात्र मला पटत नाही. तिथल्या मुलांनी आपल्या मुलासाठी टाळ्या का वाजवायच्या? द्यायचंच असेल तर काय लागतं ते विचारून तांदूळ-डाळ पोचवा, आणि तेही वाढदिवस सोडून दुसऱ्या दिवशी.

सहलीचं मुलाच्या जन्ममहिन्यावर ठरतं. गोकाकचा धबधबा बेळगावपासून साठेक किलोमीटर. घटप्रभा तिथे सुमारे 52 मीटर खाली कोसळते, पण ती जुलै ते सप्टेंबरमध्ये बघावी. एप्रिल-मेमध्ये नेलंत तर मूल काळा खडक बघून ‘पाणी कुठाय?’ विचारेल. पावसात कडेचा दगड निसरडा असतो, म्हणून सहाच्या आतल्या मुलाला मी तिथे नेणार नाही. लहानग्यांसाठी महामार्गावरचं भूतरामनहट्टीचं प्राणिसंग्रहालय बरं. वाघ-सिंह आहेत, चालणं बेताचं आहे. फक्त सुट्टीचा वार आधी विचारून घ्या. उन्हाळ्यात किंवा हिवाळ्यात वाढदिवस येत असेल तर येळ्ळूरजवळचा राजहंसगड. डबा घेऊन सकाळी सातला निघालं की उन्हं चढायच्या आत घरी परत येता येतं.

आणि आजोळ. माझं माहेर खानापूर तालुक्यात, धाकटी जुलैची, म्हणजे ऐन रोप लावणीची. मागच्या वर्षी तिला तिथेच नेलं. आईने तिच्या हातात रोपांची एक मूठ दिली आणि बांधाकडची एक ओळ दाखवून म्हणाली, ‘ही तुझी.’ पोटरीपर्यंत चिखलात उभी राहून तिने तासभर ती ओळ लावली. वाकडीतिकडी लागली, पण आईने एकही रोप काढून परत लावू दिलं नाही. सुगीत त्या ओळीचं भात वेगळं झोडलं, कांडून आणलं, आणि दीड वाटी तांदूळ छोट्या पिशवीतून आमच्याकडे आले. धाकटीने ते देवापुढे ठेवले, मग खीर करायला लावली आणि वाढलीही तिनेच. वाढदिवस असा चार-पाच महिने चालला. माहेरी शेती असेल आणि महिना जुळत असेल तर माझं मत सरळ याच बाजूला आहे. अडचणी दोनच: शाळेचा एक दिवस बुडतो, आणि पावसात कच्चा रस्ता असेल तर रात्रीचा मुक्काम धरूनच निघावं लागतं.

यातलं काय निवडावं हे कळत नसेल तर एवढंच करा: मुलापुढे दोनच पर्याय ठेवा आणि महिनाभर आधी विचारा. चार ठेवले की ते गोंधळतं आणि शेवटी शेजारच्या पार्टीतलं काहीतरी मागतं. थोरला ऑगस्टचा, यंदा अकरा पूर्ण होतील. त्याला राजहंसगड की गोकाक असं विचारलं. म्हणाला, गोकाक, पण अज्जींचा नातू येणार असेल तरच. गाडीत एक जागा आहे. त्याच्या आईला काल विचारून आले.