खाऱ्या वाऱ्यात पाच तारांचा बेस: तारा कोटेड घ्याव्यात की फ्लॅट?

आमच्या ऑर्केस्ट्रात चार तारांचा बेस गिटार पुरेनासा झाला तो गायकांमुळे. पुरुष गायक आला की बहुतेक वेळा हार्मोनियमची 'काळी एक' पट्टी मागतो, आणि चार तारांचा बेस तर पांढरी तीनच्या खाली जातच नाही. मग खालचा सा सोडून वरच्या सप्तकात वाजवायचं, नाहीतर पाचवी, सगळ्यात जाड आणि खालच्या स्वराची 'बी' तार घ्यायची. पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, काळी दोन या चारही पट्ट्यांचे खालचे सा बी तारेच्या पहिल्या चार फ्रेट्सवर (दांडीवरच्या आडव्या धातूच्या काड्यांवर) ओळीने बसलेले आहेत. म्हणून तारांचा सेट निवडताना मी बाकीच्या चार तारांकडे फारसं बघत नाही. बी कशी आहे आणि किती दिवस तशी राहते, एवढंच बघतो.

घर मालवणात, किनाऱ्याच्या इतकं जवळ की दोन पावसाळ्यांत खिडकीचे गज पापुद्रे सोडतात. साध्या निकेल प्लेटेड राउंडवाउंड, म्हणजे वरून गोल तार गुंडाळलेल्या, तारांचा विषय इथे लवकर संपतो. निकेलचा मुलामा बोटांनी झिजला की खालचं पोलाद उघडं पडतं. जुलैत चार दिवस बेस केसमध्ये राहिला की तारेवरून हात फिरवताना खोबऱ्याची किसणी आठवते. स्टेनलेस स्टीलच्या तारा गंजाला बऱ्यापैकी दाद देत नाहीत, पण आवाज फार टणक, आणि फ्रेट्स झिजवतात. शिवाय वेटोळ्यांच्या फटींत घाम आणि मळ बसायचा तो बसतोच. पुण्यात, नाशकात राहत असाल तर हा परिच्छेद विसरा आणि निकेलच घ्या. स्वस्त पडतात, आवाजही छान.

किनाऱ्यावर खरी निवड उरते ती दोघींत. एक कोटेड राउंडवाउंड, म्हणजे वरून पॉलिमरचा पातळ थर दिलेल्या. दुसऱ्या फ्लॅटवाउंड, म्हणजे गोल तारेऐवजी चपटी पट्टी गुंडाळलेल्या, हाताला गुळगुळीत. दोन्हींचा सेट साध्या निकेलच्या जवळपास दुप्पट किमतीला पडतो. त्यामुळे पैशांचा मुद्दा दोघींत फिटंफाट.

कोटेड मी दोन वर्षं वाजवल्या आणि त्यांच्याबद्दल वाईट बोलायला जीभ रेटत नाही. आवाज नव्या तारेसारखा, फक्त कडा किंचित घासलेल्या. साध्या तारा मोसमात तीन आठवड्यांत मरायच्या, तिथे या चार-पाच महिने सहज गेल्या. उजव्या हाताची बोटं जिथे पडतात तिथे पुढे थर सुटायला लागतो आणि बारीक लव दिसते. पिकने वाजवणाऱ्याला ती लवकर दिसेल. दिसायला वाईट, ऐकायला काही नाही.

माझं मन फिरलं ते बी तारेमुळे, आणि तेही एका विचित्र गोष्टीमुळे. कोटेड सेट जुना व्हायला लागला की बाकी चार तारा हळूहळू मवाळ होतात. तेवढं चालतं. बी मात्र खोटी होते. मोकळी वाजवा, ट्यूनर हिरवा दिवा देतो. दुसऱ्या फ्रेटवर काळी एकचा सा धरा आणि ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर त्याचा वरचा सा धरा. दोन्ही मिळून एक न वाटता मध्ये एक लाट हलत राहते. तार कुठे झिजली, कुठे फ्रेटने दाबून खड्डा पडला, कुठे मळ बसला की तिचं वजन सगळीकडे सारखं राहत नाही, आणि मग ती प्रत्येक फ्रेटवर वेगळी थाप मारते. सगळ्याच तारांचं असं होतं. पण बी जाड, ढिली, आणि तिचा मूळ स्वर ३१ हर्ट्झच्या आसपास. गावच्या मंडपातले स्पीकर तिथपर्यंत पोचतात कुठे? तो स्वर आपण ओळखतो तो त्याच्याबरोबर उमटणाऱ्या वरच्या उपस्वरांवरून, म्हणजे ओव्हरटोन्सवरून, आणि खोट्या तारेत नेमके तेच फिसकटतात.

एका रिसेप्शनला, ऐन गाण्यात, आमचा कीबोर्डवाला माझ्याकडे वळून म्हणाला, "अरे, तुझो सा खंय गेलो?" मी ट्यूनर दाखवला. तो हसला. तार तेव्हा जेमतेम तीन महिन्यांची होती, वरचा थर शाबूत होता, गंजाचा ठिपका नव्हता. नवी बी एकटी मिळेल म्हणून दुसऱ्या दिवशी म्हापशापर्यंत जाऊन आलो. गिटारची सुटी तार मिळते, बेसची बी मिळत नाही. एका तारेपायी आख्खा सेट. तारा उकळण्याचा जुना उपायही करून पाहिला. टोपात पाणी, त्यात गुंडाळलेली बी. आई म्हणाली, "ह्यां काय शिजवतंस?" मळ निघाला, आठवडाभर बरी वाजली, मग परत तेच. कोटेडच्या थराला उकळणं मानवतं का, तेही देव जाणे.

फ्लॅटच्या सेटला आता तिसरं वर्ष आहे. चपट्या पट्टीत मळ शिरायला फटच नाही. रोज पंचाने पुसतो, बाकी काही करत नाही. दोन्ही सा अजून एकमेकांत विरतात. यंत्राने मोजलेलं नाही, कानाने सांगतो.

पण फ्लॅटची बी म्हणजे सगळ्यांच्या आवडीचं प्रकरण नाही, हेही सांगायला हवं. १९५१ मध्ये फेंडरचा पहिला प्रिसिजन बेस आला तेव्हा फ्लॅटच चालत. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन तर तार तुटल्याशिवाय बदलत नसे म्हणतात. पण हे सगळे मुख्यतः चार तारांचे लोक.  फ्लॅटमध्ये ओव्हरटोन्स मुळातच कमी, त्यामुळे बी छोट्या अ‍ॅम्पवर 'ढब' करून बसते. मी अ‍ॅम्पवर मिड, म्हणजे मधले स्वर, थोडे वाढवतो, बेसचं बटण उलट कमी करतो, आणि उजवा हात ब्रिजकडे, म्हणजे तारा खाली जिथे टेकतात तिकडे, सरकवतो. तेवढ्याने माझं भागतं. तुमच्या वाजवण्यात स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तार आपटून वाजवणं, असेल, किंवा बेंजोवाल्यांबरोबर विसर्जनाच्या मिरवणुकीत ट्रॉलीवर उभं राहायचं असेल, तर फ्लॅटने निराशाच होईल. तिथे टणटणीत आवाजच लागतो, आणि त्या गोंधळात लाट ऐकतंय कोण? कोटेड घ्या आणि बी खोटी होण्याआधीच सेट बदलायची तयारी ठेवा. मागे बसून गायकाला सा देणं हेच तुमचं मुख्य काम असेल, तर मला वाटतं फ्लॅट एकदा लावून बघायला हरकत नाही. नाताळात चर्चच्या कॉयरमागे वाजवणाऱ्या एका मित्राला मी हेच सांगितलं. तोही अजून कोटेडकडे परतलेला नाही. सरकताना बोटांची कुरकुर होत नाही, हा त्याचा वरचा फायदा.

लावताना दोन गोष्टी बघा. फ्लॅटचा ताण बहुतेक वेळा जास्त असतो. माझी नेक, म्हणजे दांडी, वाकली, तिच्या आतली ट्रस रॉड ही सळई पाव फेरा फिरवावी लागली. आणि बीची जाडी विकत घेण्याआधी तपासा. नेहमीच्या राउंडवाउंड सेटमध्ये ती बहुतेक वेळा ०.१३० इंचाच्या आसपास असते, फ्लॅटमध्ये ०.१३२ किंवा त्याहून जाड निघू शकते, आणि नटची, म्हणजे दांडीच्या टोकाशी तारा बसतात त्या पट्टीची, खाच अरुंद असेल तर तार वरच राहते.

बी कापण्याआधी खुंटीजवळ तिला काटकोनात वाकवून घ्या, आणि वाकवलेल्या जागेच्या पुढे कापा. मी पहिल्यांदा सरळ कापली. वरची पट्टी सैल झाली, खुंटीपासून आत उलगडत गेली, आणि पहिल्याच संध्याकाळी ती बी खोटी वाजायला लागली. दुसरा सेट मागवला. त्यातल्या चार तारा अजून पाकिटात तशाच आहेत.