हेवी मेटल जिथून निघाले ती तबकडी: ‘ब्लॅक सॅबथ’ची नवी आवृत्ती

‘ब्लॅक सॅबथ’ या इंग्लिश बँडची त्याच नावाची पहिली तबकडी १३ फेब्रुवारी १९७० रोजी, शुक्रवारी, बाजारात आली आणि हेवी मेटल या जड, मोठ्या आवाजाच्या रॉक संगीताचा जन्म सांगताना बहुतेक जाणकार याच दिवसाकडे बोट दाखवतात. बँडच्या मूळच्या चौघांनी ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅममधल्या व्हिला पार्क मैदानावर अखेरचे वादन केले आणि त्यानंतर तीनच आठवड्यांच्या आत, २२ जुलैला, गायक ऑझी ऑसबर्न गेले. तेव्हापासून ही तबकडी घरात असावी असे मनात होते. अखेर तिची १८० ग्रॅम वजनाची नवी आवृत्ती मी मागवली. यातली गाणी मी कित्येक वर्षे मोबाइलवर ऐकत आलो आहे, त्यामुळे तबकडीवर पुन्हा पैसे खर्च करावेत का, हा प्रश्न मलाही पडला होता. माझे उत्तर असे की जरूर करावेत, आणि ते मुख्यतः दुसऱ्या बाजूसाठी करावेत.

पहिली बाजू पाऊस, मेघगर्जना आणि चर्चची घंटा यांनी उघडते. मग टोनी आयोमी यांची गिटार तीनच स्वर वाजवते. आपल्या भाषेत सांगायचे तर षड्ज, तार षड्ज आणि तीव्र मध्यम. षड्ज आणि तीव्र मध्यम यांतल्या या अंतराला युरोपीय संगीतशास्त्रात ‘संगीतातला सैतान’ असे जुने नाव आहे. बास, म्हणजे खालच्या स्वरांची गिटार, वाजवणारे गीझर बटलर यांना त्या काळात इंग्लिश संगीतकार गुस्ताव होल्स्ट यांच्या ‘द प्लॅनेट्स’मधल्या ‘मार्स’ या भागाचे वेड होते आणि ही स्वराकृती सुचली ती त्याच नादात. माझी आत्या इंदुरात अनेक वर्षे गायन शिकवते. ती रविवारी घरी आली असता मी तिला एवढाच भाग ऐकवला. थोडा वेळ डोळे मिटून ऐकल्यावर ती म्हणाली, “अरे, हे तीव्र मध्यमावर आणून सोडतात. पुढे पंचम देतच नाहीत का?” मला वाटते, या गाण्याविषयी याहून नेमका प्रश्न विचारता येणार नाही. यमनात तीव्र मध्यम पंचमाकडे झुकतो आणि ऐकणाऱ्याला विसावा मिळतो. इथे तो स्वर जागच्या जागी थरथरत ठेवून गिटार पुन्हा षड्जावर उतरते, आणि तो न मिळालेला विसावा म्हणजेच या गाण्यातली भीती. लय इतकी संथ आहे की त्या काळच्या रॉक संगीताच्या श्रोत्यांना ती विचित्र वाटली असणार. उस्ताद अमीर खाँसाहेबांचा संथ झूमरा ताल ज्या इंदूर शहरात कानांवर पडत आला, तिथल्या श्रोत्याला मात्र विलंबित लयीत एकेका स्वराला किती जागा मिळते हे वेगळे सांगावे लागत नाही.

या नव्या आवृत्तीत बटलर यांचा बास अखेर पूर्ण ऐकू येतो. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून तो जवळजवळ नाहीसा होतो आणि मग गिटार एकटीच वजन पेलते आहे असे वाटते. प्रत्यक्षात बास बहुतेक ठिकाणी गिटारचीच आकृती खालच्या सप्तकात वाजवतो आणि हेवी मेटलमधले ‘हेवी’ या दुहेरी रेषेतून येते. बिल वॉर्ड यांच्या ड्रममध्ये जाझची झोकदार चाल आहे, तीही इथे स्पष्ट होते. १६ ऑक्टोबर १९६९ रोजी लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत सुमारे बारा तासांत, मैफलीत वाजवावे तसे, हे ध्वनिमुद्रण उरकले गेले. पाऊस आणि घंटा नंतर जोडली. एवढ्या घाईत झालेल्या कामात ज्या उणिवा राहिल्या, त्या नव्या आवृत्तीत पुसून टाकलेल्या नाहीत, याबद्दल मला मनापासून समाधान आहे.

आयोमी यांच्या अपघाताची गोष्ट या तबकडीबरोबर नेहमी सांगितली जाते, पण ती बहुधा चुकीच्या ठिकाणी जोडली जाते. सतरा वर्षांचे असताना, पत्र्याच्या कारखान्यातल्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्राखाली त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके गेली. ते डावखुरे असल्यामुळे हा तारा दाबण्याचा हात होता. जाझ गिटारवादक जाँगो राइनहार्ट यांनी आगीत जखमी झालेल्या हाताच्या दोनच बोटांनी गिटार वाजवली, हे कळल्यावर त्यांनी उमेद धरली. प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या केल्या, त्यांवर चामडे चढवले आणि गिटारला बँजोच्या हलक्या तारा लावल्या. इथपर्यंत खरे आहे. मात्र तारा सैल करून सूर खाली उतरवण्याचा प्रयोग तबकडीवर आला तो १९७१ साली, ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ या तिसऱ्या तबकडीत. या पहिल्या तबकडीचे वजन उतरवलेल्या सुरांतून आलेले नाही. ते स्वरांच्या निवडीतून आणि लयीतून आले आहे.

आता दुसरी बाजू. तिच्यावरची ‘ईव्हिल वूमन’ आणि ‘वॉर्निंग’ ही दोन्ही गाणी मूळ इतर बँडची आहेत. दहा मिनिटांहून लांब चालणारे ‘वॉर्निंग’ हे तर सरळसरळ ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या दुःखगीतांतून आलेले संगीत, आहे. मध्ये बराच वेळ आयोमी जवळजवळ एकटेच वाजवत राहतात. पहिल्या बाजूवरच्या ‘द विझर्ड’मध्ये ऑझी माउथ ऑर्गन वाजवतात, तोही ब्लूजचाच वारसा. ज्यांना हेवी मेटल एका दिवसात आकाशातून पडले असे वाटते, त्यांनी ही बाजू सलग ऐकावी. बर्मिंगहॅममधल्या अ‍ॅस्टनच्या कामगार वस्तीतली ही चार मुले १९६८ साली ब्लूज वाजवण्यासाठीच एकत्र आली होती आणि ‘वॉर्निंग’ ऐकताना ती ब्लूजमधून बाहेर पडत आहेत हे कळते, पण पूर्ण बाहेर पडलेली नसतात. मला या तबकडीतले सर्वांत मोलाचे वाटते ते हेच.

गिटारचा फाटका आवाज मात्र सॅबथने शोधला नव्हता. अमेरिकेत गिटारवादक लिंक रे यांनी १९५८ च्या ‘रंबल’साठी स्पीकरला भोके पाडली होती, आणि १९६४ मध्ये ‘द किंक्स’ या इंग्लिश बँडचे डेव्ह डेव्हिस यांनी स्पीकरचा कागद ब्लेडने चिरून ‘यू रिअली गॉट मी’ वाजवले होते. पुढे क्रीम, जिमी हेंड्रिक्स, ब्लू चीअर या रॉक वादकांनी आणि बँडनी आवाज वाढवत नेला. १९६९ च्या जानेवारीत लेड झेपेलिनची पहिली तबकडी आली, तर १९७० च्या जूनमध्ये ‘डीप पर्पल इन रॉक’ आली. ही दोन्ही कामे मला अत्यंत प्रिय आहेत. तरीही झेपेलिनमध्ये डौल आहे, पर्पलमध्ये वेग आहे, आणि मनावर दडपण आणणारे ओझे मात्र सॅबथमध्येच आहे. म्हणून उगमाचा मान मी यांनाच देतो.

वस्तूविषयी थोडे. तबकडी सपाट आहे, सुईचा खरखराट जवळजवळ नाही आणि इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमधल्या मॅपलडरहॅम पाणचक्कीसमोर उभ्या असलेल्या काळ्या वेशातल्या स्त्रीचे मुखपृष्ठ मोठ्या आकारात फारच प्रभावी दिसते. ज्या विक्रेत्याकडून मी ती मागवली, त्याने साध्या पुठ्ठ्यात गुंडाळून पाठवल्यामुळे वेष्टनाचा एक कोपरा मुडपला. मागवताना कडक पुठ्ठ्याच्या खोक्याची मागणी आधीच लेखी करावी. सुटकेसच्या आकाराच्या स्वस्त रेकॉर्ड प्लेअरवर मात्र ही तबकडी ऐकू नये, कारण त्यात बास पुन्हा हरवतो आणि मग मोबाइल काय वाईट होता असे वाटू लागते.

‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ची मागणी मी कालच नोंदवली आहे. उतरवलेले सूर कसे लागतात ते ऐकण्यासाठी आत्या पुन्हा येणार आहे.